पुष्पक एक्सप्रेसची दोन टोकं



मागच्या लेखात राजौरीच्या बंकरांबद्दल लिहिलं होतं. त्यावर एका निवृत्त हवालदारसाहेबांनी कळवलं, "सुभेदारसाहेब, तुम्ही सॅपर लोक उभारायचं आणि उडवायचं तेवढंच सांगता. कधी दुरुस्तीवरही लिहा." आज दुरुस्तीवरच लिहितो. त्यात माझी स्वतःची एक मोठी चूक आहे आणि ती निस्तरायची मुदत जवळ आली आहे.

सध्या पोस्टिंग लखनौला. कॅन्टोनमेंटमधल्या क्वार्टरची यादी लांब, म्हणून मानक नगरला एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. ही वस्ती रेल्वेच्या संशोधन संस्थेची, आरडीएसओची. १९३० सालचं सेंट्रल स्टँडर्ड्स ऑफिस आणि १९५२ सालचं रेल्वेचं चाचणी व संशोधन केंद्र एकत्र करून १९५७ मध्ये ही संस्था उभी राहिली. देशभरातले रूळ, पूल, डबे, सिग्नल कसे असावेत, कशाला पास म्हणायचं आणि कशाला नापास, हे इथे ठरतं. मानक म्हणजे आपलं स्टँडर्ड. अख्ख्या वस्तीला मोजपट्टीचं नाव दिलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

गच्चीवरून कानपूरकडची लाइन दिसते. सकाळी त्या लाइनवरून पुष्पक एक्सप्रेस जाते. मानक नगरला ती थांबत नाही, पुढे लखनौ जंक्शनला तिचा प्रवास संपतो. आदल्या दिवशी सकाळी ती मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून सुटलेली असते. मालवणकडच्या माझ्या गावाहून मुंबई आणि तिथून पुष्पक, हा माझा सुट्टीचा रस्ता. त्यामुळे गाडी दिसली की घर आठवतं, आणि या वर्षी घर आठवलं की छातीत धस्स होतं.

ऑगस्टात आईचा फोन आला. "झिला, भिंतीक परत खार फुटलो. माज्या खाटीखाली रोज ओंजळभर माती पडता."

आता चूक सांगतो. घर पणजोबांनी बांधलेलं, चिऱ्याचं. चिऱ्यांचे सांधे चुन्याचे, आतबाहेर चुन्याचाच गिलावा, वर मंगलोरी कौलं. समुद्र हाकेच्या अंतरावर. दर दोन-तीन वर्षांनी गणपतीआधी वडील भिंतींना चुना काढायचे आणि कुठे गिलाव्याची खपली निघाली तर तेवढीच भरायचे. वडील गेल्यावर हे कोण करणार? २०११ साली मी सीमेवर होतो. भावाला फोनवर सांगितलं, "एकदाच काय ते पक्कं करून टाक. जुना गिलावा काढ, चांगलं त्रेपन्न ग्रेडचं सिमेंट लाव, वर ऑइल पेंट मार. पैसे मी पाठवतो." मी सॅपर. सिमेंटनं पूल बांधले, बंकर बांधले. घरात माझा शब्द म्हणजे इंजिनिअरचा शब्द. कुणी उलट बोललं नाही.

दोन पावसाळे भिंती चकाचक होत्या. तिसऱ्या पावसात पश्चिमेच्या भिंतीवर फुगे आले. पाचव्या पावसात सिमेंटचा हातभर पापुद्रा सुटून खाली आला, आणि मागचा चिरा बोटानं खरवडता येईल इतका भुसभुशीत झालेला दिसला. जिथे फुटलं तिथे आम्ही पुन्हा सिमेंट लावलं. खार पुढच्या भिंतीला गेला. आता भावानं ठेकेदाराकडून अंदाजपत्रक आणलं आहे: घर पाडायचं, आरसीसीचे कॉलम, वर स्लॅब. दिवाळीपर्यंत होय-नाही कळवायचं. आई म्हणते, "मी गेल्यार काय ता करा."

खालच्या मजल्यावर घरमालक राहतात. सगळे त्यांना बाबूजी म्हणतात. आयुष्य रेल्वेच्या पुलांमध्ये गेलं. त्यांना फोटो दाखवले. चष्मा वर करून त्यांनी बराच वेळ पाहिले आणि विचारलं, "सुभेदार साहब, पुल का एक सिरा रोलर पर क्यों रखते हैं?"

हे मला ठाऊक होतं. लोखंडी गर्डरच्या पुलाचं एक टोक पक्कं बसवतात आणि दुसरं सरकतं ठेवतात. उन्हानं लोखंड वाढतं, थंडीत आकसतं. दोन्ही टोकं करकचून बांधली तर पूल स्वतःच्याच ताणानं पायाला धक्के देईल. बाबूजी म्हणाले, "बस. आपने दीवार के दोनों सिरे बाँध दिए." मग त्यांनी रेल्वेच्या जुन्या कमानी पुलांबद्दल सांगितलं. एकोणिसाव्या शतकातले विटा-दगडांचे कितीतरी पूल आजही त्यांच्या काळात कुणी कल्पनाही केली नसेल अशा वजनाच्या गाड्या पेलतात. त्यांचे सांधे चुन्याचे. भार येतो तेव्हा चुना किंचित दबतो, सरकतो, बारीक भेग पडली तर पाण्यात विरघळलेला चुना तिथे पुन्हा बसतो आणि ती बुजते.

त्या रविवारी मी रेसिडेन्सीला गेलो. ३० जून १८५७ ला चिनहटच्या लढाईत इंग्रज हरले आणि या आवाराला वेढा पडला. नोव्हेंबरात कॉलिन कॅम्पबेलनं आतल्या माणसांना बाहेर काढेपर्यंत इथे तोफा चालल्या. सैनिकाच्या नजरेनं मी तिथे पूर्वीही फिरलो होतो, मोर्चे कुठे होते, मारा कुठून झाला ते पाहत. या वेळी भिंती पाहिल्या. गोळ्यांनी गिलावा उडालेल्या जागी आतल्या चपट्या लखौरी विटा दिसतात आणि विटांमध्ये चुना-सुरखीचे जाड थर. छप्पर गेलं त्याला दीडशेवर वर्षं झाली. तेवढे पावसाळे या भिंतींनी उघड्यावर काढले. याच शहरात १७८४ च्या दुष्काळात असफउद्दौलानं सुरू केलेल्या बड्या इमामबाड्याचा पन्नास मीटर लांबीचा दिवाणखाना एकही तुळई न घालता याच विटांवर आणि याच चुन्यावर उभा आहे.

पण लखनौला समुद्र नाही. माझ्या भिंतीचा शत्रू खारा वारा आहे. म्हणून पुष्पकच्या दुसऱ्या टोकाला जाऊ या.

आज ज्याला सीएसएमटी म्हणतो त्या जागेचं जुनं नाव बोरीबंदर. नावातच बंदर आहे. भराव घालून समुद्र पुढे ढकलण्याआधी किनारा इथून जवळ होता. १६ एप्रिल १८५३ ला ठाण्याला जाणारी पहिली गाडी इथूनच सुटली. आजची इमारत नंतरची. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यावर १८७८ मध्ये काम सुरू झालं आणि १८८८ मध्ये पुरं झालं. खर्च सुमारे सोळा लाख रुपये. स्टीव्हन्स यांच्या हाताखाली सीताराम खंडेराव वैद्य यांच्यासारखे आपले अभियंते होते. नक्षीकामात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचे हात लागले. मोर, माकडं, पानं, वेली बारकाईनं पाहिल्या तर कोरणाऱ्यानं आपल्याच आवारातली झाडं-जनावरं पाहिली असणार हे कळतं.

मी त्या इमारतीखालून पंचवीस वर्षं ट्रंक घेऊन पळत गेलो. ती कशाची बनली आहे, हे या वर्षीच समजून घेतलं. मालाडचा पिवळट दगड आणि नक्षीसाठी पोरबंदरचा चुनखडक. पोरबंदरी दगड मऊ, कोरायला सोपा आणि सच्छिद्र. म्हणजे आमच्या चिऱ्याचाच दूरचा भाऊ. पाणी पितो आणि वारा लागला की पाणी सोडतो. शेजारी समुद्र, चार महिने कोसळणारा पाऊस, हवेत मीठ, आणि पुढच्या काळात गाड्यांचा धूर. तरी दगड टिकला, कारण बांधणाऱ्यांनी पाण्याला यायची आणि जायची दोन्ही वाट ठेवली होती. भिंतींपुढे खोल कमानींचे सज्जे आहेत, त्यामुळे झोड थेट आतल्या भिंतीवर येत नाही. छतं उंच, खिडक्या समोरासमोर. इमारत बांधली तेव्हा विजेचे पंखे नव्हते. कचेऱ्या वाऱ्यावरच चालायच्या होत्या.

खार भिंत कशी खातो ते सांगतो, कारण इथेच माझी चूक कळते. समुद्राकाठी पाण्याबरोबर मीठ भिंतीत शिरतं. पावसाळा सरला की पाणी बाहेर येऊन उडून जातं आणि मीठ मागे राहतं. त्याचे स्फटिक होतात, स्फटिक वाढताना भोवतालचे कण ढकलतात. चुन्याचा गिलावा असेल तर पाणी गिलाव्यातून बाहेर पडतं, स्फटिक गिलाव्यात बनतात आणि गिलाव्याची खपली पडते. ती खपली म्हणजे आपल्या भाषेत पुढच्या चौकीनं झेललेला मारा. चौकी पुन्हा भरता येते, मागचा गड शाबूत राहतो. सिमेंट आणि ऑइल पेंट लावला की पुढचा दरवाजा बंद. पण खालून जमिनीतली ओल आणि वरून भेगेतलं पाणी येतच राहतं. मग स्फटिक बनतात सिमेंटच्या मागे, खुद्द चिऱ्यात. वडील दर दोन-तीन वर्षांनी जी खपली भरायचे ती भिंतीची कमजोरी आहे असं मी समजत होतो. ती तिची संरक्षणफळी होती, आणि मी ती पैसे देऊन काढून टाकली.

मुंबईतल्या जुन्या दगडी इमारतींवरही एकेकाळी हेच झालं. दगडांमधल्या सांध्याला गवंडी दरज म्हणतात. चुन्याच्या दरजा उकरून त्यात सिमेंट भरलं गेलं. सिमेंट दगडापेक्षा कडक, म्हणून ओल दरजेऐवजी दगडातून बाहेर पडू लागली आणि दगडाच्या कडा झिजू लागल्या. आज वारसा इमारतींची दुरुस्ती करणारे आधी ते सिमेंट हलक्या हातानं उकरतात आणि पुन्हा चुना भरतात. नियम सोपा आहे: नवा माल जुन्या मालापेक्षा मऊ हवा. झिजायची वेळ आली तर नव्यानं झिजायचं. फौजेत भरती झालो तेव्हा आम्हालाही हेच शिकवलं होतं.

या कहाणीत पोरबंदर दोनदा येतं. ज्या गावाच्या परिसरातून व्हिक्टोरिया टर्मिनससाठी मऊ दगड आला, त्याच पोरबंदरात इंडियन सिमेंट कंपनीचा कारखाना १९१४ मध्ये सुरू झाला आणि देशातला सिमेंट उद्योग खऱ्या अर्थानं तिथून उभा राहिला. मूळ कच्चा माल तोच, चुनखडक. चुना भाजायला सुमारे नऊशे अंश उष्णता पुरते, सिमेंटच्या भट्टीला साडेचौदाशे लागते. दोन्ही भट्ट्यांत दगडातला कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पण भिंतीवर लावलेला चुना वाळताना हवेतला तोच वायू पुन्हा ओढून घेतो आणि हळूहळू परत दगड होतो. जळणाचा धूर परत येत नाही हे खरं, पण दगडातून निघालेल्या वायूचा मोठा हिस्सा परत येतो. आज जगाच्या एकूण कार्बन उत्सर्जनातला ७-८ टक्के भाग एकट्या सिमेंटचा आहे.

म्हणून इमारत पर्यावरणाला सोसेल अशी दुरुस्त करायची म्हणजे आधी ती पाडायची नाही. मग तिच्या जातीचा माल वापरायचा. सौर पॅनेल, एलईडी दिवे हे त्याच्या नंतर. बोरीबंदरच्या बाबतीत क्रम असाच लागला. १९९५ मध्ये मुंबईनं वारसा इमारतींसाठी नियम केले, त्यात देशात पहिली ठरली. २००४ मध्ये युनेस्कोनं या स्थानकाला जागतिक वारसा म्हटलं. २०२१ मध्ये इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलचं सुवर्ण मानांकन मिळालं. तोवर वीज वाचवणारे दिवे आणि छतावरचे सौर पॅनेल आले होते. पण मला विचाराल तर मोठी बचत त्याआधीच झाली होती. १८८८ मध्ये कचेरी म्हणून बांधलेली इमारत आजही मध्य रेल्वेचं मुख्यालय आहे. तेवढा दगड पुन्हा खणावा लागला नाही, तेवढं सागवान पुन्हा तोडावं लागलं नाही.

काही जण म्हणतील, सुभेदार सिमेंटच्या विरोधात गेले. तसं नाही. बंकरवर गोळा पडणार असेल तर मी चुना लावायला सांगणार नाही. चुन्याला वेळ लागतो. गोणपाट भिजवून भिंत दिवसेंदिवस ओली ठेवावी लागते. चुनकळी विरवताना पाणी उकळतं, डोळ्यात उडालं तर डोळा जातो. वाळू नदीची हवी, किनाऱ्यावरची घेतली तर मीठ आपणच भिंतीत भरतो. घाणीचा चुना जाणणारे गवंडी थोडे उरलेत, त्यांची मजुरी जास्त. आणि कौलं गळत असतील, भिंतीच्या पायाशी पाणी तुंबत असेल तर कुठलाच गिलावा टिकणार नाही. पहिलं काम छप्पर आणि गटार, मग भिंत.

बाबूजींनी आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली. इमारतीसाठीच्या चुन्यालाही भारतीय मानक आहे, आयएस ७१२. मी इतकी वर्षं बांधकामात आहे, सिमेंटचे ग्रेड झोपेत सांगेन, पण चुन्याचं मानक कधी उघडून पाहिलं नव्हतं. माझ्या मनात मानक म्हणजे जे सगळ्यात कडक ते. बाबूजींच्या हिशेबात मानक म्हणजे ज्या कामाला जे जुळतं ते, आणि ते चाचणीशिवाय ठरत नाही.

हे ऐकल्यावर भावाला फोन केला. आधी माफी मागितली. २०११ चा हुकूम माझा होता, भिंतीचा दोष भावाच्या देखरेखीवर घालत होतो, ते चूक होतं. भाऊ गप्प राहिला. मग म्हणाला, "दादा, पण चुना चालंल याची गॅरंटी काय? परत पैसे गेले तर?" बरोबर प्रश्न होता. माझ्या शब्दावर त्यानं एकदा घर पणाला लावलं होतं, दुसऱ्यांदा का लावावं?

तेव्हा मानक नगरची रीत वापरायची ठरवली. अख्ख्या घराचा निर्णय आत्ता नाही. एकच भिंत घ्यायची, आईच्या खोलीची, पश्चिमेची, जी सगळ्यात जास्त मार खाते ती. मार्गशीर्षात माझी सुट्टी आहे. त्या भिंतीवरचं सिमेंट आतून-बाहेरून छिन्नीनं काढायचं, आईची खाट तोवर माजघरात. भुसभुशीत झालेले चिरे बदलायचे. भिंत उघडी ठेवून वाळू द्यायची, खार कोरड्या कुंच्यानं झाडायचा. वरची कौलं चाळून घ्यायची, बाहेर पायाशी पाणी वाहून जायला चर काढायचा. मग एक भाग चुना, तीन भाग धुतलेली नदीची वाळू, पातळ थरांत गिलावा, वर चुन्याचाच हात. शेजारच्या गावात एक म्हातारे गवंडी आहेत, देवळाचं काम केलेले. ते येतो म्हणालेत, पण दुपारनंतर काम करणार नाही असंही म्हणालेत. त्यानंतर एक पूर्ण पावसाळा. भिंत पास झाली तर बाकीच्या भिंती. नापास झाली तर ठेकेदाराचा कागद मी स्वतः सही करीन.

भाऊ तयार झाला. ठेकेदाराला दिवाळीऐवजी पुढच्या दिवाळीचं सांगितलं आहे.

आमच्या किनाऱ्यावरून सिंधुदुर्ग दिसतो. १६६४ मध्ये महाराजांनी कुरटे बेटावर त्याचा पाया घातला. तिथे तटावर चुन्यात उमटलेला हाताचा आणि पायाचा ठसा आहे, तो महाराजांचाच मानतात. लहानपणी वडिलांनी खांद्यावर घेऊन तो दाखवला होता. चारही बाजूंनी समुद्र, साडेतीनशे पावसाळे, आणि ठसा आहे तिथे आहे. इतकी वर्षं मी त्या हातालाच नमस्कार करत आलो. तो हात ज्यात उमटला त्या चुन्याकडे कधी पाहिलं नाही.

पुढच्या वर्षी पाऊस सरल्यावर, भिंतीचा निकाल काय लागला ते इथेच कळवीन. तोवर तुमच्यापैकी कुणी किनाऱ्याकाठच्या जुन्या घराला चुना लावून पाहिला असेल तर जरूर लिहा, बिघडलं असेल तरीही. आईला आज सांगितलं, खाट फक्त महिनाभर हलवायची आहे. तिनं विचारलं, "मगे परत थंयच ना?"

हो आई, तिथेच.

जय हिंद.